दुसऱ्या खुर्चीचा उमेदवार

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार नक्की झाला, की सगळा देश एका नव्या खेळाला लागतो. याने उपाध्यक्षपदासाठी कोणाला सोबत घ्यावे? उमेदवार उत्तरेचा असेल तर जोडीदार दक्षिणेचा, तरुण असेल तर मुरलेला. १९६० साली केनेडींनी टेक्ससच्या जॉन्सनना घेतले, ते याच हिशेबाने. मला या खेळाचे जुने वेड आहे. आपल्याकडे तो खेळता येत नाही, कारण आपला राष्ट्रपतिपदाचा उमेदवार जोडीदार निवडत नाही. तरीही मी तो २००७ पासून एकट्याने खेळत आलो आहे. त्या वर्षीची उमेदवार आमच्या जळगाव जिल्ह्यातली होती, हे त्याचे कारण.

बोदवड तालुक्यातल्या नाडगावच्या प्रतिभाताई पाटील यांची ओळख खानदेशी वाचकाला करून द्यायला नको. एम. जे. कॉलेज, टेबल टेनिस, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी आमदारकी, मग एदलाबाद म्हणजे आजच्या मुक्ताईनगरातून सलग चार विजय, १९७९मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद, पुढे राज्यसभा, लोकसभा, राजस्थानचे राज्यपालपद. हे सगळे त्या वर्षी वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने भरून छापले होते. मला प्रश्न पडला होता तो वेगळा. ताईंबरोबर दुसऱ्या खुर्चीवर कोण शोभले असते?

आधी नियम पाहू. राष्ट्रपतीला खासदार आणि आमदार मिळून निवडतात, उपराष्ट्रपतीला फक्त दोन्ही सभागृहांचे खासदार. राष्ट्रपतिपदाला १९७१च्या जनगणनेवरून काढलेले मतमूल्य लागते. महाराष्ट्राच्या आमदाराचे मत १७५चे. २००७ साली खासदाराचे ७०८चे होते. म्हणजे साक्रीच्या किंवा चोपड्याच्या आमदाराला राष्ट्रपती निवडताना १७५ मतांची ऐट आहे आणि उपराष्ट्रपती निवडताना त्याला कोणी विचारतही नाही. गावकऱ्यांना हे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. थेट सरपंच गाव निवडते आणि उपसरपंच सदस्य निवडतात. सरपंच कोणीही होवो, उपसरपंचपदाची बोलणी नंतर बंद खोलीत होतात. दिल्लीतही तेच.

२००७ची बोलणी कशी झाली ते आठवून पाहा. काँग्रेसकडे स्वतःची पुरेशी मते नव्हती, डाव्यांचा पाठिंबा लागत होता. चाकूरचे शिवराज पाटील पुढे होते, डाव्यांनी त्यांना नकार दिला. सुशीलकुमार शिंदे, प्रणव मुखर्जी, कर्णसिंह ही नावे आली आणि मागे पडली. १४ जूनला ताईंचे नाव जाहीर झाले. उत्तर महाराष्ट्राने ते अभिमानाने घेतले, पण खरे सांगायचे तर ती निवड वजाबाकीची होती. ज्यांच्यावर कोणाची हरकत नव्हती असे एक नाव उरले. मला यात कमीपणा वाटत नाही. राजकारणात बहुतेक चांगल्या निवडी अशाच उरलेल्यांतून होतात.

समोर भैरोसिंह शेखावत होते, विद्यमान उपराष्ट्रपती, सीकर जिल्ह्यातल्या खाचरियावासचे. ताईंचे यजमान देवीसिंह शेखावत अमरावतीचे, पण त्यांचे मूळही सीकरकडचेच. राजस्थानात त्यामुळे लेक की सून असा एक गमतीचा वाद रंगला. आणखी एक योगायोग असा की याच भैरोसिंहांनी २००२ साली उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत सुशीलकुमार शिंदे यांना ४५४ विरुद्ध ३०५ मतांनी हरवले होते. शिंदे तेव्हा दुसऱ्या खुर्चीपर्यंत पोचले नाहीत आणि पाच वर्षांनी पहिल्या खुर्चीच्या यादीतूनही गळाले.

प्रचार काही सभ्य झाला नाही. ताईंच्या नावाच्या जळगावच्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३मध्ये रद्द केला होता, ते प्रकरण भाजपने उकरून काढले. जळगावात त्या बँकेत पैसे ठेवलेल्यांचे प्रश्न खरेच होते, आणि मराठी माणसाच्या अभिमानाखाली ते दडपले जावेत हे मला तेव्हाही पटले नव्हते. शिवसेनेने मात्र आघाडीधर्म बाजूला ठेवून मराठी उमेदवाराला मत दिले. १९ जुलैला मतदान झाले, २१ला मोजणी. ताईंना ६,३८,११६, शेखावतांना ३,३१,३०६. शेखावतांनी त्याच दिवशी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला.

मुक्ताईनगरात तेव्हा आमदार होते भाजपचे एकनाथ खडसे, १९९० पासून ताईंच्याच जुन्या जागेवर. या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही आणि मतदान गुप्त असते. बाकी वाचकांनी आपापल्या मनाने जोडून घ्यावे.

आता जोडीदार. संयुक्त पुरोगामी आघाडीने आणि डाव्यांनी हमीद अन्सारींचे नाव पुढे केले, ते राष्ट्रपतिपदाचे मतदान उरकल्यावर. ताईंना कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही. विचारायची पद्धतच नाही. तरी अमेरिकी हिशेबाने पाहिले तर निवड चोख बसते. ताई महाराष्ट्राच्या गावातून आणि पक्षसंघटनेतून आलेल्या, अन्सारी परराष्ट्र सेवेतले, अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे माजी कुलगुरू, राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचे अध्यक्ष. एकाकडे जे नाही ते दुसऱ्याकडे. पक्ष नेहमी हाच तोल सांभाळत आले आहेत: राधाकृष्णन यांच्याबरोबर झाकिर हुसेन, फख्रुद्दीन अली अहमद यांच्याबरोबर जमखंडीचे बी. डी. जत्ती, शंकरदयाळ शर्मांबरोबर के. आर. नारायणन. आणि दुसरी खुर्ची नुसती शोभेची नाही. १९७७च्या फेब्रुवारीत फख्रुद्दीन अली अहमद गेले आणि जत्ती हंगामी राष्ट्रपती झाले; नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याच्या कागदावर सही करायला त्यांनी घेतलेला वेळ सगळ्या देशाने श्वास रोखून मोजला.

पण अन्सारींच्या विरोधात राष्ट्रीय लोकशाही आघाडीने उभ्या केल्या नजमा हेपतुल्ला, आणि तिथे माझ्या खेळाने वळण घेतले.

१० ऑगस्टला निकाल लागला. अन्सारी ४५५, हेपतुल्ला २२२, तिसऱ्या आघाडीचे रशीद मसूद ७५. नजमाबाई मौलाना आझादांच्या घराण्यातल्या, महाराष्ट्रातून अनेकदा राज्यसभेवर गेलेल्या, २००४मध्ये काँग्रेस सोडून भाजपात आलेल्या. त्यांची माहिती जमवताना राज्यसभेच्या उपसभापतींची यादी हाती लागली. १९८५-८६मध्ये नजमा हेपतुल्ला. १९८६ ते १९८८ प्रतिभा पाटील. १९८८ ते २००४ पुन्हा नजमा हेपतुल्ला. ज्या दोघी २००७च्या उन्हा-पावसाळ्यात दोन वेगवेगळ्या छावण्यांतून देशाच्या पहिल्या दोन खुर्च्यांसाठी उभ्या राहिल्या, त्या एकाच आसनावर आलटून पालटून बसल्या होत्या. नजमाबाईंनी काँग्रेस सोडली नसती तर? दोन्ही बायका, दोघींचा महाराष्ट्राशी संबंध, म्हणून कोणत्याही पक्षाने ही जोडी कागदावरसुद्धा मांडली नसती. मला ती अजूनही सगळ्यात चांगली वाटते. सभागृह सांभाळायला सतरा वर्षांचा अनुभव असलेली बाई, आणि वर तीच खुर्ची पाहिलेली राष्ट्रपती.

यादी वर सरकवत गेलो. १९६९ ते ७२ चंद्रपूरचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे, रिपब्लिकन पक्षाचे. त्यांच्या आधी, १९६२ ते नोव्हेंबर १९६९, व्हायोलेट अल्वा.

हे नाव आज कोणाला आठवत नाही. अहमदाबादला १९०८मध्ये जन्म, लहानपणीच आईवडील गेले, मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि मग शासकीय विधी महाविद्यालयात शिक्षण. ताईही पुढे कायदा तिथेच शिकल्या. व्हायोलेटबाईंनी काही काळ महिला विद्यापीठात इंग्रजी शिकवले. जोकिम अल्वा या उडुपीकडच्या वकील-पत्रकाराशी लग्न झाले, दोघे स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि १९४३मध्ये बाई तान्ह्या मुलासह आर्थर रोड तुरुंगात गेल्या. १९४४मध्ये उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठासमोर युक्तिवाद करणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या स्त्री वकील. १९५२मध्ये त्या राज्यसभेत, जोकिम उत्तर कानडातून लोकसभेत. संसदेतले पहिले दांपत्य. १९५७पासून गृह खात्याच्या उपमंत्री. १९६२मध्ये उपसभापती. राज्यसभेचे पीठासन सांभाळणारी ती पहिली स्त्री.

आता १९६९चा क्रम नीट पाहा. ३ मेला राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले. उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. घटनेच्या ९१व्या कलमाप्रमाणे अशा वेळी राज्यसभेच्या सभापतीचे काम उपसभापतीकडे येते. २० जुलैला गिरींनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायला राजीनामा दिला आणि उपराष्ट्रपतीची जागा पुरती रिकामी झाली. पुढचा महिना देशाच्या राजकारणातला सगळ्यात तापलेला. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात बँक राष्ट्रीयीकरणाचे विधेयक राज्यसभेत आले. १६ ऑगस्टला राष्ट्रपतिपदाचे मतदान झाले. विवेकबुद्धीने मत द्या, या इंदिरा गांधींच्या हाकेची ती निवडणूक. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, संजीव रेड्डी ३,१३,५४८, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, १,१२,७६९. दुसऱ्या पसंतीची मते मोजून गिरी निवडून आले. या सगळ्या काळात राज्यसभेच्या सभापतिपदाची जबाबदारी व्हायोलेट अल्वांवर होती.

उपराष्ट्रपती हाच राज्यसभेचा सभापती. म्हणजे जे काम बाई आधीच करत होत्या, त्याच कामासाठी उमेदवार शोधणे चालले होते. व्हायोलेटबाईंना ती जागा हवी होती. इंदिरा गांधींनी पाठिंबा दिला नाही. उमेदवारी उत्तर प्रदेशच्या गोपाल स्वरूप पाठक यांना मिळाली. ते तेव्हा म्हैसूरचे राज्यपाल होते, त्याआधी केंद्रात कायदामंत्री. गिरी दक्षिणेकडचे, पाठक उत्तरेकडचे, हिशेब जुळला. ऑगस्टअखेर पाठक सभापतीच्या खुर्चीवर आले आणि बाई पुन्हा उपसभापती.

नोव्हेंबरच्या मध्यात काँग्रेस फुटली. १६ नोव्हेंबरला व्हायोलेट अल्वांनी उपसभापतिपदाचा राजीनामा दिला. २० नोव्हेंबरला सकाळी मेंदूतल्या रक्तस्रावाने त्या गेल्या. एकसष्ट वर्षांच्या होत्या.

इंदिराबाईंवर मी राग धरत नाही; त्या पावसाळ्यात त्यांची स्वतःची खुर्ची डळमळत होती आणि त्यांना प्रत्येक मत उत्तर प्रदेशातून मोजायचे होते. पण एक गोष्ट खटकते. पंतप्रधान स्त्री, सभागृह चालवणारी स्त्री, तरी दुसरी खुर्ची देताना तोल पाहिला गेला तो प्रांतांचाच.

ही गोष्ट इथेच संपत नाही, हेच तिचे विलक्षणपण. व्हायोलेटबाईंचा मुलगा निरंजन, त्याची बायको मंगळूरच्या मार्गारेट. सासऱ्यांच्या त्याच उत्तर कानडा भागातून, कारवारच्या त्या मराठी-कोंकणी पट्ट्यातून, त्या १९९९मध्ये लोकसभेवर गेल्या. पुढे राजस्थानच्या राज्यपालही झाल्या, म्हणजे जयपूरच्या ज्या राजभवनातून ताई राष्ट्रपती भवनात गेल्या तिथेच. ऑगस्ट २०२२च्या निवडणुकीत विरोधकांनी उपराष्ट्रपतिपदासाठी मार्गारेट अल्वांना उभे केले. जगदीप धनखड ५२८, अल्वा १८२. तृणमूल काँग्रेसने मतदानापासून दूर राहायचे ठरवले होते, कारण उमेदवार ठरवताना आपल्याला विचारले नाही. सासूला १९६९मध्ये जे मिळाले नाही ते त्रेपन्न वर्षांनी सुनेलाही मिळाले नाही. धनखडांनी पुढे २०२५मध्ये राजीनामा दिला, तारीख २१ जुलै, म्हणजे शेखावतांचीच. योगायोगांना मी अर्थ देत नाही, नोंद मात्र करतो.

स्त्रियांच्या बाबतीत अमेरिकेत आपल्या नेमके उलट झाले आहे. तिथे कमला हॅरिस यांच्या रूपाने २०२१मध्ये स्त्री उपाध्यक्ष आली, स्त्री अध्यक्ष अजून नाही. आपल्याकडे प्रतिभाताई आणि द्रौपदी मुर्मू अशा दोन स्त्री राष्ट्रपती झाल्या, उपराष्ट्रपती एकही नाही. मला याचे कारण कामाच्या स्वरूपात दिसते. पहिली खुर्ची मानाची. ती बाईला दिली की पक्षाचे नाव होते आणि रोजचे काही अडत नाही. दुसरी खुर्ची रोज सकाळी अकरा वाजता सभागृहात बसून विरोधकांना गप्प करायची, विधेयके पुढे सरकवायची. तिथे पक्षांना आपला खात्रीचा माणूस लागतो. आणि माणूस म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर पुरुषच असतो, तेही व्हायोलेट अल्वा, नजमा हेपतुल्ला आणि प्रतिभा पाटील अशा तिघींनी मिळून पंचवीसेक वर्षे ते सभागृह उपसभापती म्हणून चालवून दाखवल्यानंतर.

१९५२ पासून सी. पी. राधाकृष्णन यांच्यापर्यंत पंधरा उपराष्ट्रपती झाले, पंधराही पुरुष. सप्टेंबर २०२५मध्ये राधाकृष्णन महाराष्ट्राच्या राजभवनातून थेट तिकडे गेले; मिळालेली मते ४५२, समोर न्यायमूर्ती सुदर्शन रेड्डी ३००.

आज खानदेशच्या चार लोकसभा जागांपैकी तीन जागांवर स्त्रिया आहेत: जळगावात स्मिता वाघ, रावेरला रक्षा खडसे, धुळ्यात काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव. उपराष्ट्रपतिपदाला मत फक्त खासदारांचे, त्यामुळे आमदारांकडे जाण्यात अर्थ नाही. पुढची नेमाची निवडणूक २०३० साली आहे. त्याआधी या तिघी, किंवा त्यांच्या जागी जे कोणी येतील ते, मत मागायला तुमच्या दारात येतील. तेव्हा रस्ता, पाणी, कापसाचा भाव हे सगळे विचाराच. जमले तर हेही विचारा, की तुमच्या पक्षाच्या बैठकीत उपराष्ट्रपतिपदासाठी बाईचे नाव तुम्ही घेणार का.