छंदाच्या वेबसाइटवर जाहिराती : नोकरी सोडण्याआधी हा हिशोब करा



मागच्या महिन्यात साताऱ्यातली बॅच संपली आणि एक मुलगा थांबून राहिला. वय चोवीस-पंचवीस, एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर कामाला, पगार 14 हजार. म्हणाला, "मॅडम, माझी फिशटँकवर मराठी वेबसाइट आहे. महिन्याला 15 हजार पेज व्ह्यू येतात. आता जाहिराती लावतोय. नोकरी सोडू का?"

मी त्याला "सोड" म्हटलं नाही आणि "सोडू नको" असंही नाही. दुकानाच्या बिलबुकाचं एक पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला हिशोब मांडला. तोच आज तुमच्यासमोर मांडते.

आधी गणित

जाहिरातीच्या धंद्यात एक शब्द पक्का लक्षात ठेवा : आरपीएम. म्हणजे हजार पेज व्ह्यूमागे तुमच्या हातात किती पैसे आले. हा आकडा प्रत्येक विषयाचा, प्रत्येक भाषेचा, अगदी प्रत्येक महिन्याचा वेगळा असतो. दिवाळीच्या आधी दुकानदार जाहिरातीवर जास्त खर्च करतात, सण झाला की हात आखडतात. मीही तेच करते!

समजा आरपीएम 60 रुपये धरला. 15 हजार व्ह्यूचे झाले 900 रुपये. महिन्याचे बरं का, दिवसाचे नाही.

आता पुढचा भाग. गूगल ॲडसेन्स 2003 पासून आहे आणि मराठी साइटही त्यात चालते. खात्यात 10 डॉलर जमले की पत्ता तपासायला पोस्टाने पिन येतो. पण बँकेत पैसे यायला किमान 100 डॉलर जमावे लागतात. डॉलर 85 रुपयांना धरला तर 8,500 रुपये. महिन्याला 900 च्या हिशोबाने पहिला पैसा हातात पडायला साडेनऊ महिने!

आणि 14 हजार पगाराची बरोबरी करायची तर त्याच आरपीएमने महिन्याला जवळपास 2 लाख 33 हजार व्ह्यू हवेत. डोमेन-होस्टिंगचा खर्च अजून धरलेलाच नाही.

मुलाचा चेहरा उतरला. मी म्हटलं, थांब, पान अजून संपलेलं नाही.

जाहिरात देणारा पैसे का देतो?

माझं स्टेशनरीचं दुकान आहे. पत्रकं वाटली, केबलवर पट्टी दिली, रिक्षाच्या मागे बोर्ड लावला. हे सगळं करताना माझा प्रश्न एकच : यातून गिऱ्हाईक येणार का? किती लोकांनी बघितलं याला दुकानदार पैसे देत नाही, त्यातले किती घ्यायच्या तयारीत आहेत याला देतो.

तुमच्या साइटलाही हेच लागू. त्या मुलाची दोन पानं बघा. एक होतं, "जगातले सर्वात सुंदर दहा मासे". ते लोक बघतात आणि पुढे जातात. दुसरं होतं, "नवीन टँकमधले मासे आठवड्यात का मरतात?" हे पान उघडणाऱ्याने नुकतेच दोन-चार हजार घातलेत, मासे मेलेत आणि घरात पोरं रडतायत. त्याला कोणीतरी सांगायला हवं की नवीन पाण्यात माशांच्या घाणीतून अमोनिया साठतो, तो पचवणारे जिवाणू वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे थोडेच ठेवायचे आणि थोडं थोडं पाणी बदलायचं. हा माणूस आजच टेस्ट किट, नाहीतर फिल्टर घेणार आहे. फिल्टर विकणाऱ्याला नेमका हाच हवा असतो.

म्हणून व्ह्यू वाढवायच्या मागे धावण्याआधी अशी अडचण सोडवणारी वीस पानं नीट लिहा.

माझी चूक, तुम्ही करू नका

काही वर्षांपूर्वी मी शाईच्या पेनांवर साइट काढली होती. दुकानात पेनं होतीच, आवडही होती. एका जाहिरात नेटवर्कवर मंजुरी मिळाली आणि आनंदाच्या भरात मी घरच्या ग्रुपवर टाकलं, "सगळ्यांनी जाहिरातींवर क्लिक करा रे." मावशी, भाऊ, वहिनी, सगळ्यांनी मनापासून मदत केली. दोन आठवड्यांत खातं बंद आणि जमलेले पैसे गेले. नियमात स्पष्ट लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं. दोष माझाच.

स्वतः क्लिक करायचं नाही, कोणाला सांगायचं नाही, पैसे देऊन खोटे व्हिजिटर आणायचे नाहीत. दुसऱ्याचा मजकूर आणि फोटो उचलायचे नाहीत. बीबीएला हे कोणी शिकवलं नव्हतं, खातं गेल्यावर शिकले.

पानाची दुसरी बाजू

मग मी मुलाला विचारलं, "तुझ्या गावात ॲक्वेरियमची दुकानं किती?" म्हणाला, "साताऱ्यात चार-पाच, कराडला आहेत, कोल्हापुरात तर भरपूर."

तिथेच खरा रस्ता आहे. जिवंत मासा कुरिअरने मागवायला लोक घाबरतात, जवळच्या दुकानातच जातात. त्या दुकानदाराला जवळचा, मराठी वाचणारा, टँक असलेला माणूस हवाय, आणि तो या मुलाकडे आहे. तीन दुकानांनी महिन्याला 500 दिले तरी 1,500 झाले. नेटवर्कच्या 900 पेक्षा जास्त, आणि 100 डॉलर जमायची वाटही बघायची नाही.

दुकानदाराकडे जाल तेव्हा असं करा :

1. पहिला महिना फुकट लावा.
2. "साइटचं नाव सांगा, 5 टक्के सूट मिळवा" असं लिहा. किती गिऱ्हाईक आलं ते दुकानदार स्वतः मोजेल.
3. आधी साताऱ्या-कराडच्या वाचकांचा आकडा दाखवा. एकूण आकडा फुगवून सांगू नका.
4. पैसे घेतलेल्या मजकुरावर "जाहिरात" असं ठळक लिहा. एएससीआयची 2021 ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात.
5. खराब माल विकणाऱ्याची जाहिरात घेऊ नका, कितीही देऊ द्या. वाचकाचा विश्वास गेला की साइटची किंमत शून्य.

आणि हो, हे उत्पन्न इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. वही पहिल्या दिवसापासून ठेवा, सीएला एकदा भेटा.

मग नोकरीचं काय?

मी त्याला एवढंच म्हटलं : सलग सहा महिने साइटचे पैसे पगाराच्या निम्मे आले, तर परत ये, तेव्हा बोलू. तोवर पगार हेच तुझं भांडवल. पगार चालू आहे म्हणून तू वाईट दुकानदाराला नाही म्हणू शकतोस. घरभाडं साइटवर अवलंबून असेल तर कोणालाच नाही म्हणता येणार नाही.

तो पान घडी करून खिशात घालून गेला. गेल्या आठवड्यात फोन आला : एक दुकान तयार झालंय, 400 रुपयांवर. नोकरी चालू आहे.

आता तुमची पाळी. आज रात्री वही घ्या आणि तीन आकडे लिहा : महिन्याचे व्ह्यू, साइटचा खर्च, आणि तुमच्या विषयाचा माल विकणारी जवळची दुकानं. तिसरा आकडा शून्य असेल तर विषयाचा पुन्हा विचार करा. शून्य नसेल तर उद्या सकाळी पहिल्या दुकानात जा. सकाळी गर्दी कमी असते, दुकानदार नीट ऐकतो. अनुभवाने सांगते!