शेवट ठाऊक असूनही

थरारकथा म्हणजे अखेरच्या पानापर्यंत दडवलेलं गुपित, ही समजूत आपल्याकडे रहस्यकथेतून आली. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांनी मराठी वाचकांच्या पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. तरी कथेची खरी पकड गुपितात नसते, ती कृतीच्या खरेपणात असते. फ्रेडरिक फोर्सिथची ‘द डे ऑफ द जॅकल’ (1971) हा त्याचा भक्कम पुरावा. विषय फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या हत्येचा कट. द गॉल 1970 साली घरीच वारले, म्हणजे कट फसणार हे वाचकाला आधीच ठाऊक. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. मारेकरी दफनभूमीत हिंडून लहानपणीच वारलेल्या मुलाचं नाव हेरतो, त्याचा जन्मदाखला मिळवतो, त्या नावावर पासपोर्ट काढतो. ही पायरी जमली, मग पुढचीही जमेल, या धास्तीने आपण पानं उलटत राहतो.

तंत्रज्ञानावरच्या थरारकथेत कृतीच्या खरेपणाचा हा नियम अधिकच कडक होतो. वैद्यकाचं शिक्षण घेतलेल्या मायकेल क्रायटनच्या ‘द अँड्रोमेडा स्ट्रेन’मध्ये (1969) नेवाडातल्या पाच मजली भूमिगत प्रयोगशाळेत अज्ञात सूक्ष्मजीवाचा अभ्यास चालतो. तिथे टेलिप्रिंटरवर तातडीचा संदेश येतो, पण घंटा वाजत नाही; कागदाची एक बारीक कपची घंटा आणि तिच्या टोल्यामध्ये अडकलेली असते. संसर्ग फुटलाच, तर प्रयोगशाळा नष्ट करायला बसवलेला अणुबाँब त्या सूक्ष्मजीवाला उलट ऊर्जाच पुरवणार असतो. बचावाची सोयच घात करू पाहते, आणि यंत्र कसं चालतं हे आधी समजलेलं असल्यामुळे आपल्याला त्याची दहशत बसते.

यावर आक्षेप येतो, की तपशिलाने कथा जड होते. होते, तो नुसता मिरवला तर. टॉम क्लॅन्सी व्यवसायाने विमा एजंट होता. त्याची ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ (1984) अमेरिकी नौदलाशी निगडित संस्थेने छापलेली पहिली कादंबरी. त्यातली पाणबुडी जवळजवळ आवाज न करता चालते, म्हणून सोनार यंत्रातून पाण्यात कान लावून बसलेल्या माणसावर सगळं अवलंबून राहतं. तपशिलाने पात्राची एखादी वाट उघडली किंवा बंद केली, तरच तो ठेवावा. दुसरा आक्षेप, तंत्र जुनं होतं. टेलिप्रिंटर गेलाच, पण यंत्रावर डोळे मिटून टाकलेला विश्वास आणि तो तुटण्याचा क्षण जुना होत नाही.

मराठीला ही वाट परकी नाही. जयंत नारळीकरांनी ‘व्हायरस’ लिहिली, सुबोध जावडेकरांनी भोपाळच्या वायुकांडावर ‘आकांत’ लिहिली. दोघांनाही आपला विषय आतून ठाऊक होता. असा विषय आपल्याही समोर आहे: 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईची वीज गेली आणि लोकल रुळांवर जागच्या जागी थांबल्या. वीज परत आली, हा शेवट सगळ्यांना माहीत आहे. ती कुठल्या वाहिनीतून, कोणाच्या निर्णयाने, किती मिनिटांत परत आणावी लागते, हे अभ्यासून लिहिलं, तर तो शेवट माहीत असूनही वाचक श्वास रोखून वाचेल.