आतड्याचा रिपोर्ट आणि धानातला करगा

भरवेलीच्या धानकऱ्याला करगा काय ते सांगायला नको. रोप लहान असताना तो हुबेहूब धानासारखा दिसतो. लोंब बाहेर पडते तेव्हा कळतो. आतड्याच्या तुकड्यात कर्करोगाची पूर्वखूण शोधणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचीही अडचण अशीच असते.

मोठ्या आतड्याला वर्षानुवर्षे सूज व व्रण असतात, आव-रक्त पडते, त्या दुखण्यास अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. (आपल्याकडे पुष्कळजण मूळव्याध समजून अंगावर काढतात.) हा रोग लांबला की कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून लक्षणे सुरू होऊन साधारण ८ वर्षे झाली की दुर्बिणीने आतडे पाहून तुकडे काढतात.

अशा तुकड्यात पूर्वखूण सापडू शकते, हे लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मॉर्सन व पँग यांनी १९६७ साली दाखविले. तिला डिसप्लेसिया म्हणतात. तो अजून कर्करोग नव्हे. पण प्रत्येक डॉक्टर आपापले नाव देऊ लागला, तर रोग्याने काय समजावे? म्हणून १९८३ साली रॉबर्ट रिडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन उत्तरे ठरविली : डिसप्लेसिया नाही, अनिश्चित, आणि आहे. 'आहे'चे पुन्हा दोन दर्जे, कमी व उच्च. येथे 'उच्च' म्हणजे चांगला असे कोणी समजू नये. तोच अधिक धोक्याचा.

आमच्या मते घोटाळा होतो तो 'अनिश्चित' या शब्दाने. रोगी म्हणतो, काही निघाले नाही. तसे नव्हे. सूज भरून येताना चांगल्या पेशीही वाईटासारख्या दिसतात, म्हणून पॅथॉलॉजिस्टने निकाल राखून ठेवलेला असतो. औषधाने सूज उतरवून पुन्हा तुकडे तपासावेत, आणि अनुभवी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टलाही दाखवावेत. त्यासाठी बालाघाटहून नागपूरला जाताना नुसता कागद नेऊ नका. प्रयोगशाळेतून काचपट्ट्या व मेणातले तुकडे मागून घ्या.

पूर्वी अशा आतड्यात डिसप्लेसियाचा उंचवटा दिसला की बहुधा सगळे मोठे आतडेच काढीत. २०१५ साली तज्ज्ञांनी जुनी नावे बदलली. कडा स्पष्ट असून उंचवटा दुर्बिणीतूनच पुरता निघत असेल, तर तेवढाच काढून रोग्यावर लक्ष ठेवता येते. लपलेले डाग दिसावेत म्हणून आतड्यात निळा रंगही फवारतात. करगा ओळखू यावा म्हणून जांभळ्या पानांचा धान लावतात, तसेच हे.

रिपोर्टवर 'उच्च दर्जा' असेल तर रोवणी आटोपण्याची वाट पाहू नये; त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावे.