नाव लिहिलेला कप

पांढऱ्या चिनीमातीचा कप. काठाला सोनेरी रेघ, मधोमध वाफेचं इंजिन रंगवलेलं, इंजिनाच्या खिडकीतून बाहेर पाहणारा ड्रायव्हर, आणि वरच्या बाजूला वळणदार सोनेरी अक्षरांत एक नाव. या कपातून कधी कुणी चहा-कॉफी प्यायलं नाही. अमेरिकेतल्या एखाद्या गावच्या सलूनमध्ये भिंतीवर लाकडी फडताळ असे, त्याच्या खणात हा कप उभा असे. तळाशी साबणाची गोल वडी. नावाचा मालक खुर्चीत बसला की न्हावी त्याचा कप उतरवी, कोमट पाण्यात भिजवलेला ब्रश त्या वडीवर फिरवी आणि फेस काढी. काम झालं की कप परत आपल्या खणात.

साधारण 1870 ते 1920 या पन्नास वर्षांत अमेरिकेत असे कप मोठ्या संख्येनं तयार झाले. कोरे कप फ्रान्समधल्या लिमोझहून किंवा जर्मनी-ऑस्ट्रियातून जहाजानं येत. अमेरिकेत कारागीर त्यांच्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि धंदा रंगवत, सोन्याचा मुलामा देत आणि छोट्या भट्टीत पुन्हा भाजत. खाटकाच्या कपावर बैलाचं डोकं, गवंड्याच्या कपावर थापी, बग्गीवाल्याच्या कपावर घोडे. मयताचं सामान पुरवणाऱ्यानंही आपल्या कपावर शववाहिनी मोठ्या अभिमानानं रंगवून घेतलेली दिसते. सलूनच्या खुर्च्यांसाठी पुढे नावारूपाला आलेले सेंट लुईसचे अर्नेस्ट कोकेन यांनीही सुरुवात हे कप रंगवण्यापासूनच केली होती. आज लिलावात दुर्मीळ धंद्याच्या कपाला हजारो डॉलर मोजणारे संग्राहक आहेत. मला त्या किमतीपेक्षा त्यांच्यावरची चित्रं मोलाची वाटतात. साधा कामकरी माणूस स्वतःच्या पैशानं आपलं काम चित्रात रंगवून घेतो, हत्यारांसकट आणि अंगावरच्या कपड्यांसकट, असं इतिहासात फार कमी वेळा घडलं आहे.

त्याआधी दाढीचं भांडं न्हाव्याच्या मालकीचं असे. युरोपातल्या न्हाव्याची ओळख म्हणजे पितळेचं पसरट घमेलं. त्याच्या काठाला अर्धगोल खाच असे. ती गिऱ्हाइकाच्या गळ्याशी टेकवली की साबणाचं पाणी कपड्यांवर न सांडता घमेल्यात पडे. सर्व्हान्तेसच्या 1605 सालच्या कादंबरीत डॉन किहोते एका न्हाव्याचं असंच घमेलं हिसकावून घेतो आणि मांब्रिनो राजाचं सोन्याचं शिरस्त्राण समजून डोक्यावर चढवतो. न्हाव्यानं ते पावसात डोक्यावर धरलेलं असतं, म्हणून लांबून चमकतं. हे न्हावी रक्त काढण्याचं कामही करत. घमेलं एकच, गिऱ्हाइकं गावभरची.

आपल्याकडे गावगाड्यातला न्हावी धोपटी घेऊन घरोघरी जाई आणि बलुत्यावर वर्षभर हजामत करी. धोपटीत वस्तरा, कात्री, नराणी, आरसा आणि पाण्याची वाटी. सेना महाराजांचा वारकऱ्यांना पाठ असलेला, स्वतःच्या धंद्यावरचा अभंग पाहा. त्यात आरसा आहे, चिमटा आहे, डोई घोळायला पाणी आहे, नखं काढणंही आहे. साबण मात्र नाही. केस मऊ करायचं काम पाणी आणि न्हाव्याची बोटं यांच्यावर सोपवलेलं होतं, आणि हे शास्त्राला धरूनच होतं. दाढीचा कोरडा केस राठ असतो. दोन-तीन मिनिटं नीट भिजला की तो पाणी पिऊन फुगतो आणि कापायला लागणारा जोर बराच उतरतो. साबणाच्या फेसाचं पहिलं काम हे पाणी केसाशी धरून ठेवणं. पात्याला घसरण देणं हे त्यानंतरचं.

दाढीसाठी वेगळा साबण लागतो तो यासाठी. अंगाच्या साबणात सोड्याचा क्षार असतो. दाढीच्या साबणात त्याच्या जोडीला पोटॅशचा क्षारही घालतात. सोड्यामुळे वडी टणक राहते, पोटॅशमुळे ती ओल्या ब्रशाखाली पटकन विरघळते. तेलांमध्ये स्टिअरिक आम्लाचं प्रमाण मुद्दाम जास्त ठेवतात. खोबरेल तेलाच्या साबणाला भसाभस फेस येतो, पण बुडबुडे मोठे असतात आणि गालावर जाईपर्यंत फुटतात. स्टिअरिक आम्लाचे बुडबुडे बारीक आणि चिवट, पाच मिनिटं जागचे हलत नाहीत. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात जेम्स विल्यम्स यांनी 1840 मध्ये दाढीच्या साबणाचा धंदा सुरू केला. त्यांच्या कंपनीची कपात बसणारी गोल वडी पुढे दीडशेच्या वर वर्षं विकली गेली.

आता फेस प्रत्यक्ष कसा होतो ते पाहू, कारण भांड्याचं महत्त्व तिथेच कळतं. डुकराच्या केसांचा ब्रश असेल तर तो आधी काही मिनिटं कोमट पाण्यात उभा करावा. बॅजरच्या केसाला कमी वेळ पुरतो, कृत्रिम केसाला जवळजवळ लागतच नाही. ब्रश एक-दोनदा झटकून वडीवर अर्धा मिनिट गोल फिरवला की केसांच्या टोकांना चिकट, दाट लेप बसतो. हा फेस नव्हे, हा नुसता साबण. बहुतेकजण इथेच थांबतात आणि तो गालावर फासतात. मग तो वाळतो आणि पातं ओढतं. लेप बसलेला ब्रश रुंद वाडग्यात घेऊन वळसे द्यावेत आणि बोटांनी पाण्याचे थेंब सोडत राहावं. पहिले काही थेंब साबण लगेच पिऊन टाकतो. मग फेस वाढू लागतो, पण कोरडा दिसतो. आणखी थेंब गेले की त्याच्यावर चकाकी येते, बुडबुडे डोळ्यांना दिसेनासे होतात आणि ब्रश उचलला की घोटलेल्या चक्क्यासारखं टोक उभं राहून किंचित वाकतं. इथे थांबायचं. याच्या पुढे पाणी गेलं तर तो पातळ होऊन ओघळतो.

थेंबाथेंबानं पाणी देण्याची ही सोय वाडग्यात सर्वांत चांगली मिळते. गालावर थेट फेस करणारेही आहेत आणि त्यांचा हात बसलेला असतो. पण संवेदनशील कातडीला तेवढं घासणं सोसत नाही. वाडगा तळाशी रुंद हवा, इतका खोल नको की ब्रशाची मूठ काठावर आपटेल, आणि आतून गुळगुळीत नसून रेघांचा असेल तर हवा लवकर मिसळते. जाड चिनीमाती गरम पाण्यानं विसळून घेतली की बराच वेळ ऊब धरते. एकोणिसाव्या शतकात याच्या पुढे जाऊन तोटीचा कप निघाला. आत गरम पाणी, वर भोकाच्या ताटलीत साबण आणि बाजूला रुंद तोटी, जिच्यातून ब्रश थेट गरम पाण्यात बुडवता येई. स्टीलची वाटी लवकर गार होते, पण ती गरम पाण्याच्या पातेल्यात बसवली की तिचंही काम चोख होतं.

पाण्याचा प्रश्न आपल्याकडे अधिक जाचक. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडतं आणि फेसाऐवजी पांढरा, न विरघळणारा साका तयार होतो. फेस होत नाही म्हणून लोक साबणाला दोष देतात, जास्त साबण घेतात आणि कातडी आणखी कोरडी पाडून घेतात. वाटीभर पिण्याचं गाळलेलं पाणी किंवा पावसाचं पाणी घेऊन एकदा करून पाहावं. साबण तोच, फेस निराळा.

पुन्हा त्या सोनेरी नावांकडे. कपावरचं नाव गोऱ्या गिऱ्हाइकाचं, पण ब्रश फिरवणारा हात अनेकदा काळ्या माणसाचा असे, विशेषतः दक्षिणेत. अलॉन्झो हर्नडन 1858 मध्ये जॉर्जियात गुलामीत जन्मले. अटलांटाच्या पीचट्री रस्त्यावर त्यांनी झुंबरं-आरशांचं आलिशान सलून उभारलं. तिथले न्हावी काळे, गिऱ्हाइकं फक्त गोरी. स्वतःच्याच सलूनच्या खुर्चीत गिऱ्हाईक म्हणून बसायची मालकाला सोय नव्हती. या धंद्याच्या पैशातून त्यांनी 1905 मध्ये विमा कंपनी काढली आणि ती काळ्या समाजाचा मोठा आधार ठरली. 1906 च्या सप्टेंबरात अटलांटात गोऱ्या जमावानं काळ्या वस्तीवर हल्ले केले, तेव्हा त्यांच्या सलूनच्या काचाही फुटल्या. संग्राहकांच्या पुस्तकांत कप रंगवणाऱ्यांची नावं सापडतात, कपांच्या मालकांची तर कपांवरच आहेत. फेस काढणाऱ्यांची बहुतेक कुठेच नाहीत. गुलामीतून उठून अटलांटात श्रीमंत झालेले हर्नडन म्हणूनच या कहाणीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात.

कप वेगळा ठेवण्यामागे प्रतिष्ठा होती तशी भीतीही होती. दाढीच्या केसांच्या मुळांशी पू होणं, गजकर्ण उठणं या तक्रारींचा संबंध लोक सलूनशी लावत. न्हाव्यांना परवाना सक्तीचा करणारा अमेरिकेतला पहिला राज्य कायदा 1897 मध्ये मिनेसोटात झाला. पण कपाचा अंत घडवला तो जिलेटच्या रेझरनं. 1903 मध्ये त्या कंपनीचे 51 रेझर विकले गेले, पुढच्या वर्षी 90 हजारांच्या आसपास. आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात रेझर सरकारनंच घातला. माणसं घरी दाढी करू लागली, फडताळं ओस पडली.

त्याच युद्धानं ब्रशाचं भयंकर रूप दाखवलं. बॅजरच्या केसांचा पुरवठा तुटला, तेव्हा घोड्याचे केस रंगवून बॅजरसारखे दिसणारे ब्रश बाजारात आले. ते नीट निर्जंतुक केलेले नव्हते, आणि त्यातून अँथ्रॅक्सचे जंतू थेट वस्तऱ्यानं खरचटलेल्या गालात गेले. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये मिळून दोनशेहून अधिक लोकांना लागण झाली, त्यांत कित्येक सैनिक होते. इंग्लंडनं 1920 मध्ये जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली.

पुढचा उतार झपाट्याचा. 1919 मध्ये ब्रशाविना लावायचं बार्बसॉल क्रीम आलं, 1949 मध्ये डब्यातून फुसकन निघणारा फेस. मधल्या काळात, 1938 मध्ये, ओल्ड स्पाइसनं जहाजाचं चित्र असलेला कप बाजारात आणला, पण तो नावाचा नव्हता, छापाचा होता. आपल्याकडे गोदरेजची दाढीची गोल वडी दुकानांत मिळत असे. तिची जागा क्रीमच्या ट्यूबनं घेतली आणि वाटी नुसती ब्रश बुडवण्यापुरती उरली. डब्यातला फेस दाबून भरलेल्या वायूनं फुगलेला असतो आणि केस भिजवायला लागणारी दोन-तीन मिनिटं तो वाचवतो. ती वाचवायची गोष्ट नव्हे, हे माझं स्पष्ट मत.

राहतं आपलं सलून. एड्सच्या भीतीनंतर तिथे एक चांगला बदल रुजला. न्हावी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी ब्लेडचा नवा अर्धा तुकडा डोळ्यांदेखत बसवतो, आणि आपण तो पाहिल्याशिवाय मान टेकत नाही. ब्रश आणि वाटी मात्र बहुतेक ठिकाणी सगळ्यांना तीच, दिवसभर ओली. बुरशीला ओल हवीच असते, आणि औषधांना दाद न देणारं गजकर्ण गेल्या दशकात देशभर पसरलेलं आहे. कारागिराला यात दोष देण्यात अर्थ नाही; गिऱ्हाईक मागत नाही, तर तो दहा ब्रश का ठेवील?

तेव्हा आपण मागावं. नेहमीचं सलून असेल तर स्वतःचा ब्रश, एक रुंद स्टीलची वाटी आणि साबण न्हाव्याकडे ठेवायला द्या आणि वाटीवर नाव घालून घ्या. भांड्यांवर नाव घालून देणारा आपल्याकडे प्रत्येक बाजारात बसलेला असतो. ब्रश धुऊन, झटकून, केस खाली करून टांगायला सांगा. आणि फेस करायला त्याला पुरेसा वेळ द्या, घाई करू नका.