अलंग येथील जहाजतोडणी

हा लेख गुजरातमधील जहाजतोडणी उद्योगाविषयी आहे. सह्याद्रीतील याच नावाच्या दुर्गासाठी 'अलंग किल्ला' हा लेख पाहा.

अलंग हे गुजरात राज्याच्या भावनगर जिल्ह्यात खंभातच्या आखाताच्या पश्चिम किनाऱ्यावर वसलेले गाव असून, आयुष्य संपलेली जहाजे तोडण्याच्या जगातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. येथे १९८३ साली जहाजतोडणीस प्रारंभ झाला. हा उद्योग देशाला पोलाद आणि हजारो स्थलांतरित मजुरांना रोजगार पुरवतो. किनाऱ्याचे प्रदूषण, प्राणघातक अपघात आणि कामगारांचे व्यवसायजन्य आजार यांमुळे मात्र तो दीर्घकाळ वादाचा विषय ठरला आहे.

पार्श्वभूमी

अलंगच्या आधीपासून भारतात मुंबईच्या दारूखाना भागात जहाजे तोडली जात होती. भारतीय नौदलाची पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' हिची तोडणीही २०१४ साली मुंबईतच झाली. तिच्यानंतर निवृत्त झालेली 'विराट' मात्र २०२० साली मुंबईहून अलंगला नेण्यात आली.

अलंगच्या उदयामागे भूगोल आहे. खंभातच्या आखातात भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे १० मीटरपर्यंत फरक पडतो आणि किनाऱ्याचा उतार अतिशय सौम्य आहे. त्यामुळे महाकाय जहाज गोदीशिवाय थेट किनाऱ्यावर आणता येते. शेजारच्या सोसिया गावापर्यंत सुमारे १० कि.मी. लांबीच्या पट्ट्यात गुजरात मेरिटाइम बोर्डाने यार्डांसाठी भूखंड भाडेपट्ट्याने दिले आहेत. २०११-१२ या वर्षात येथे चारशेहून अधिक जहाजे आली होती.

तोडणीची पद्धत

उधाणाच्या भरतीला जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्याकडे हाकून चिखलात रुतवले जाते. ओहोटीनंतर ते उघडे पडते. इंधन, तेल आणि सुटे सामान काढून घेतल्यावर कामगार गॅस कटरने जहाजाचे मोठे भाग कापतात. हे भाग विंचने वर ओढून त्यांचे लहान पत्रे केले जातात. बरेचसे पत्रे न वितळवता री-रोलिंग गिरण्यांत तापवून त्यांपासून बांधकामाच्या सळया बनवतात. जहाजांतील फर्निचर, भांडी आणि यंत्रे अलंगकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या दुकानांतून विकली जातात. जहाजाचा जवळजवळ प्रत्येक भाग पुन्हा वापरात येत असल्याने नव्या पोलादासाठी लागणारे खनिज आणि ऊर्जा वाचते.

पर्यावरणावरील परिणाम

जुन्या जहाजांत उष्णतारोधक म्हणून वापरलेला ॲस्बेस्टॉस, विद्युत तारांतील पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, शिसेयुक्त रंग आणि तळाशी साचलेले तेलकट पाणी असे घातक पदार्थ असतात. जहाजाच्या बुडाला शिंपले चिकटू नयेत म्हणून पूर्वी लावला जाणारा ट्रायब्युटिल टिनयुक्त रंग सागरी जीवांना विषारी असतो.

गोदीत सांडलेले तेल अडवता येते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात मात्र रंगाचे कपचे, धातूचा कीस आणि तेल पुढच्या भरतीबरोबर समुद्रात जाते किंवा गाळात मिसळते. जड धातू या गाळात दीर्घकाळ टिकून राहतात. यार्डांत काँक्रीटचा अभेद्य पृष्ठभाग केल्यास किनाऱ्यावर ओढून आणलेल्या भागांपासून होणारे प्रदूषण रोखता येते, पण पाण्यात उभ्या असलेल्या जहाजावर होणाऱ्या कापणीस तो उपाय लागू पडत नाही.

कामगारांची स्थिती

अलंगमधील बहुतेक कामगार ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार आणि झारखंड या राज्यांतून आलेले आहेत. उंचावरून पडणे, कापलेला पत्रा अंगावर कोसळणे आणि टाक्यांत उरलेल्या ज्वलनशील वायूचा स्फोट होणे ही मृत्यूची प्रमुख कारणे आहेत. ऑक्टोबर २०१२ मध्ये एका तेलवाहू जहाजावर लागलेल्या आगीत सहा कामगारांचा मृत्यू झाला. मोठी रुग्णालये सुमारे ५० कि.मी. अंतरावर भावनगरमध्ये आहेत.

अपघात निदान दिसतो, त्याची नोंद होऊ शकते. आजाराचे तसे नाही. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे फुफ्फुसात गेल्यापासून ॲस्बेस्टॉसिस किंवा कर्करोग प्रकट होईपर्यंत अनेकदा काही दशके लोटतात. तोवर स्थलांतरित मजूर काम सोडून गावी परतलेला असतो. त्याचा आजार आणि त्याने कधीकाळी तोडलेले जहाज यांचा संबंध सिद्ध करणारा कागद क्वचितच उपलब्ध असतो, आणि त्याअभावी भरपाईचा दावा करणे कठीण होते.

न्यायालयीन निर्णय आणि कायदे

ऑक्टोबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तोडणीसाठी येणारे जहाज मालकाने आधी योग्य रीतीने घातक पदार्थांपासून मुक्त करावे, असा निर्देश दिला. फ्रान्सची विमानवाहू नौका 'क्लेमांसो' अलंगकडे निघाली असता तिच्यातील ॲस्बेस्टॉसवरून वाद उद्भवला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये ती परत बोलावण्यात आली. पुढे ती ब्रिटनमध्ये तोडण्यात आली.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पुढाकाराने २००९ साली हाँगकाँग करार स्वीकारला गेला. भारताने २०१९ मध्ये त्यास मान्यता दिली व त्याच वर्षी 'जहाज पुनर्चक्रण अधिनियम' संमत केला. या कायद्यानुसार जहाजावरील घातक पदार्थांची सूची आणि प्रत्येक जहाजासाठी स्वतंत्र तोडणी आराखडा आवश्यक आहे. हाँगकाँग करार २६ जून २०२५ रोजी अमलात आला.

जबाबदारीचा प्रश्न

अनेक कंपन्या जुने जहाज थेट यार्डाला न विकता रोखीने खरेदी करणाऱ्या मध्यस्थाला विकतात. तो अखेरच्या प्रवासासाठी त्याची नोंदणी बहुधा दुसऱ्याच देशाच्या ध्वजाखाली करतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार युरोपीय ध्वजाखालील जहाजे मान्यताप्राप्त यादीतील यार्डांतच तोडावी लागतात, परंतु ध्वज बदलताच हे बंधन टाळता येते. परिणामी ज्या कंपनीने वर्षानुवर्षे जहाजाचा नफा मिळवला, ती त्यातील विषारी अवशेषांच्या खर्चातून मोकळी होते. तो खर्च किनारा आणि कामगार यांच्यावर पडतो. बांगलादेशातील सीताकुंड आणि पाकिस्तानातील गडानी येथेही हाच प्रश्न आहे. नव्या नियमांमुळे यार्डांतील कामकाजावर देखरेख वाढली असली, तरी माजी मालकाचे दायित्व आणि काम सोडून गेलेल्या मजुरांचे आरोग्य हे दोन विषय अद्याप मोठ्या प्रमाणात अनुत्तरित आहेत.