ऐकलंत का? गाडी काहीतरी सांगते आहे!

मैत्रिणींनो, कुकरची शिट्टी आपल्या घरातली की शेजारच्या, हे आपल्याला न बघता कळतं की नाही? दूध उतू जाण्याआधीची ती बारीक सळसळ, मिक्सरमध्ये खोबऱ्याचा तुकडा अडकल्याची घरघर, शिवणयंत्राचा पट्टा सैल झाल्याची फडफड, सगळं कसं हात कामात असताना कान टिपून घेतात. मग दारातली मोटारसायकल वेगळं बोलू लागली, की "ते काही आपलं खातं नव्हे" म्हणून आपण गप्प का बसतो? मी बसले होते. चांगली दीड महिना बसले. ते आम्हाला महागात पडलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचं गाव सानगडी. भंडारा जिल्ह्यातलं, साकोली तालुक्यातलं, जुन्या किल्ल्याचं. आमच्या ह्यांची नोकरी साकोलीला. मी इथल्या शाळेत तासिकांवर शिकवते आणि उरलेला दिवस घराचा. गाडी एकच. ह्यांची नोकरी, बाजार, सासूबाईंचा दवाखाना, मुलीची शिकवणी, सगळं तिच्यावर. संध्याकाळी गाडी गल्लीच्या वळणावर आली की मी कणकेचा गोळा हातात घेते, इतका तो आवाज अंगवळणी पडलेला.

दिवाळी झाली, धानाची कापणी संपत आली आणि थंडी पडू लागली, त्या दिवसांतली गोष्ट. सकाळी गाडी सुरू केली की पहिलं मिनिटभर आतून खर्र-खर्र असा आवाज यायचा. डब्यात चार खिळे घालून हलवावेत तसा. मग गाडी तापली की कमी व्हायचा. मी म्हटलं, "अहो, हिचा आवाज बदललाय." हे म्हणाले, "थंडीत असंच होतं." झालं! विषय संपला. आपल्यालाही ते बरंच वाटतं, नाही का? खर्चाचा विषय जितका पुढे ढकलता येईल तितका बरा.

पंधरा दिवसांनी आवाज तापल्यावरही जाईना. तेव्हा ऑइल बघितलं तर कांडीच्या खालच्या खुणेच्याही खाली! ऑइल बदललं आणि आवाज एकदम निम्मा झाला. आम्ही खूश. चार-पाच दिवसांत तो पुन्हा होता तसा झाला, पण एकदा "ऑइलचंच होतं" असं मनानं घेतलं की कान ऐकायचे थांबतात. पुढे एका रविवारी ह्यांनी गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली. त्या गृहस्थानं दोनदा रेस देऊन ऐकलं आणि सांगितलं, "इंजिन खोलावं लागेल. बोअर-पिस्टन, कनेक्टिंग रॉड, सगळं. नऊ हजार धरून चला."

नऊ हजार! माझ्या तासिकांचे पैसे साठवून मी मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले होते, जवळजवळ तेवढेच. त्या रात्री आम्ही दोघंही फार बोललो नाही. इंजिन खोलायचं तर प्रवेशाचे पैसे जाणार, न खोलावं तर हे रात्री आठ-साडेआठला निर्मनुष्य रस्त्यानं येणार आणि गाडी मध्येच बसली तर? पण माझ्या मनात एक शंका होती. पिस्टन गेलं तर गाडीची ताकद जायला हवी, धूर यायला हवा. गाडी तर चढावर तशीच ओढत होती, धुराचा पत्ता नाही. मग इतकं मोठं दुखणं आहे कशावरून?

इथे थोडं इंजिनाच्या पोटात शिरू या. घाबरू नका, शिवणयंत्र समजतं तिला हे समजतं. शिवणयंत्रात वर सुई आणि खाली शटल. दोघांची भेट अचूक वेळेला झाली तर टाका पडतो, चुकली तर टाका सुटतो आणि फारच चुकली तर सुई तुटते. आपल्या चार-स्ट्रोक गाडीत खाली क्रँक फिरतो आणि वर डोक्यात कॅम नावाचा दांडा फिरतो. तो पेट्रोलमिश्रित हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, वेळेवर उघडतो. खालचे दोन फेरे झाले की वरचा एक व्हायलाच हवा. हा मेळ घालणारी बारीक साखळी म्हणजे टायमिंग चेन. चाकाकडे जाणारी, बाहेरून दिसणारी चेन ती ही नव्हे. ही इंजिनाच्या आत, ऑइलमध्ये फिरते.

आता अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी डोळ्यांपुढे आणा. ओझ्यानं ती झोळ देते, म्हणून मधे बांबूचा टेकू लावतो. टायमिंग चेनला लावलेला असा टेकू म्हणजे टेन्शनर. एक लांबट पट्टी चेनच्या सैल बाजूवर दाबून बसते आणि मागून स्प्रिंगचा दट्ट्या तिला रेटत असतो. कित्येक गाड्यांत ह्या कामी ऑइलचीही मदत होते. चेन वर्षानुवर्षे फिरून थोडी लांबते, तसा दट्ट्या पुढे सरकून झोळ काढतो. स्प्रिंग मेली, दट्ट्या अडकला किंवा पट्टीचं रबर झिजलं की दोरी टेकूवाचून राहिली! मग चेन आतल्या भिंतीला, पट्टीला घासत नाचते. तीच ती खरखर.

आपल्या आईवडिलांच्या पिढीला हा आवाज ठाऊक नसायचं कारणही गमतीचं आहे. माझ्या वडिलांकडे राजदूत होती. ती, येझदी, 1972 साली आलेली लुना, बजाजचे जुने स्कूटर, सगळी दोन-स्ट्रोक. त्यांना झडपाही नाहीत, कॅमही नाही, मग ही चेन कुठली? जुन्या बुलेटला झडपा होत्या, पण कॅम खालीच आणि गिअरवर फिरणारा. 1985 मध्ये हीरो होंडाची सीडी 100 आली, 1994 मध्ये स्प्लेंडर आली, आणि पेट्रोल कमी पिणाऱ्या ह्या गाड्यांबरोबर टायमिंग चेन घराघरात पोहोचली. कान मात्र जुनेच राहिले. फटफट ऐकण्यात मुरलेल्या माणसाला ही आतली खरखर म्हणजे "इंजिन गेलं" असंच वाटतं.

तर त्या रात्रीनंतर मी मुलीची एक जुनी वही घेतली आणि आठ दिवस आवाज लिहून काढला. हसू नका! कधी येतो, कधी जातो, एवढंच. सकाळी सुरू करताना: सर्वांत जास्त. उभ्या गाडीत मंद चालू असताना: सतत, पण एका लयीत नाही, मध्येच वाढतो, मध्येच कमी. थोडी रेस दिली की जवळजवळ नाहीसा. रेस एकदम सोडली की क्षणभर खर्रकन. ह्यातली शेवटची नोंद फार महत्त्वाची ठरली. मंद चालताना इंजिन धक्क्याधक्क्यानं फिरतं, त्यामुळे सैल चेन ताणते, सुटते, ताणते, सुटते. वेग वाढला की ती ताणलेली राहते म्हणून गप्प.

ह्यांना वही दाखवली तेव्हा ते आधी हसले आणि मग पेचकस घेऊन स्वतःच आले! लाकडी मुठीचा लांब पेचकस घ्यायचा, टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. डॉक्टरांच्या नळीसारखं स्वच्छ ऐकू येतं. गाडी अंगणात, डबल स्टँडवर आणि न्यूट्रलमध्ये हवी. बंद खोलीत किंवा पडवीत इंजिन मुळीच चालू ठेवू नका, तो धूर विषारी असतो आणि त्याचा वास नेहमी येतोच असं नाही. पदर खोचलेला, केस बांधलेले, हात सायलेन्सरपासून लांब, आणि फिरणाऱ्या कशालाही पेचकस लावायचा नाही.

डोक्यावर टेकवला तर बारीक, नियमित टिक-टिक. ती टॅपेटची. थोडी असतेच, उलट अजिबात नसली तर झडप नीट बसत नसल्याची शंका घ्यावी. उजव्या झाकणावर क्लच; तिथे खडखड होती, पण क्लच दाबला की थांबली, म्हणजे क्लचचीच. तीही किरकोळ. डाव्या बाजूला, सिलिंडरच्या कडेला टेकवला आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खिळ्यांचा डबा तिथेच होता! (आमच्या गाडीत चेन डाव्या बाजूला आहे, काही गाड्यांत ती उजवीकडे असते. तुमची कोणती, ते आधी विचारून घ्या.) बोअर-पिस्टनचा आवाज जाड, टप-टप असा असतो आणि गाडी गार असताना जास्त. कनेक्टिंग रॉडचा त्याहून खोल, ठक-ठक, आणि ओझं ओढताना, चढावर वाढणारा. तो ऐकू आला तर मात्र गाडी पुढे दामटू नये. आमच्याकडे ह्यातलं काही नव्हतं.

साकोलीला एक म्हातारे मिस्त्री आहेत. ह्यांनी गाडी त्यांच्याकडे नेली, सुट्टी असल्यानं मीही मागे बसून गेले. वही काढायला जरा लाजच वाटली. पण त्यांनी ती चष्मा लावून नीट वाचली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही त माझं अर्धं काम करून आनलं. इंजन नाही गेला जी, टायमिंगचा टेन्शनर गेला." अर्ध्या तासात तो काढून हातावर ठेवला. स्प्रिंग मऊ पडलेली, दट्ट्या मध्येच अडकलेला.

आता ऐका, इथेच आमचा दीड महिना नडला. टेन्शनर बदलून भागेल असं आम्हाला वाटलं होतं. मिस्त्रींनी झाकण काढून पट्टी दाखवली, तिच्या रबरात चेननं खोल चर पाडला होता. जुनी चेन त्यांनी आडवी धरली तर ती बाजूला धनुष्यासारखी वाकली, नवी शेजारी धरली तर जवळजवळ सरळ राहिली. तशीच चालवली असती तर चेन दात्यावरून उडी मारू शकली असती. मग मेळ चुकतो, गाडी सुरू होत नाही आणि वाईट नशीब असेल तर झडप पिस्टनवर आपटून वाकते. शिवणयंत्राची सुई तुटते ना, तसंच. आणि ते घरासमोर होईल की साकोलीच्या रस्त्यावर रात्री, हे गाडी विचारत नाही.

टेन्शनर, चेन, पट्टी, ऑइल आणि मजुरी धरून दोन हजारांच्या आत काम झालं. नुसता टेन्शनर पहिल्या पंधरवड्यात बदलला असता तर पाचशेत निभावलं असतं, असं मिस्त्रीच म्हणाले. तुमच्या गाडीला आकडे वेगळे पडतील. पण नऊ हजारांचा आकडा ऐकलात तर एक प्रश्न नक्की विचारा: "टायमिंग चेन आणि टेन्शनर बघितलात का?" आणि काढलेला जुना भाग मागून घ्या. संशय म्हणून नव्हे, आपल्याला कळावं म्हणून. आमची ती वाकलेली चेन आता माझ्या वर्गात आहे. सातवीच्या मुलांना दातेरी चाकं शिकवताना फळ्यावरच्या चित्रापेक्षा तीच जास्त कामाला येते.

ऑइलचं खातं मात्र मी माझ्याकडे घेतलं आहे. गॅस सिलिंडर लावल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहितो, तिच्याच शेजारी ऑइल बदलल्याची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर. दर रविवारी मुलगी कांडी पुसून पातळी बघते. गाडी सरळ उभी आणि इंजिन बंद करून दोन-चार मिनिटं झालेली असावीत, नाहीतर कांडी खोटं सांगते.

मुलीचा प्रवेश झाला. सकाळी हे गाडी सुरू करतात तेव्हा तव्यावरची पोळी उलटायच्या आधी मी क्षणभर थांबते. परवापासून तिसऱ्या गिअरला एक बारीक झिणझिण ऐकू येते आहे. सायलेन्सरचा पत्रा सैल झाला असावा. वहीत तारीख टाकून ठेवली आहे.