हार्मोनची तांबी : पहिले सहा महिने धीराचे

चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीचा अतिरक्तस्राव हा आपल्या घरांतून दबक्या आवाजात बोलला जाणारा विषय आहे. दहा-दहा दिवस अंगावरून जाते, रक्त कमी होते, दुकानात उभे राहवत नाही, मग कोणीतरी सुचविते, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." हा सल्ला मराठवाड्यात किती सहज दिला जातो, हे शेजारच्या बीड जिल्ह्याने २०१९ मध्ये दाखवून दिले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. ऊसतोडीच्या फडापासून दूर असलेल्या घरांनीही यातून बोध घ्यावा. बीजकोश राखूनही पिशवी काढली, तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याचा संभव वाढतो.

अनेक स्त्रियांना शस्त्रक्रियेविना उपाय उपलब्ध आहे : हार्मोनची तांबी. हिला तांबी म्हणत असले तरी तिच्यात तांबे नसते. इंग्रजी 'टी'च्या आकाराच्या या लहानशा साधनात लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक ५२ मिलिग्रॅम असते. ते थेट गर्भाशयात अत्यल्प प्रमाणात झिरपते आणि तेथील अस्तर पातळ ठेवते. त्यामुळे गर्भधारणा टळते आणि रक्तस्रावही पुष्कळ कमी होतो. बसविण्यापूर्वी मात्र रक्तस्रावाचे कारण तपासून घेणे आवश्यक आहे.

अडचण येते ती आरंभी. अस्तर पातळ होईपर्यंत तीन ते सहा महिने अवेळी डाग लागतात. रक्त थोडे, पण दिवस अनेक. आपल्याकडे ज्या घरांत पाळीचे नियम पाळतात, तेथे देवदर्शन थांबते, स्वयंपाकघर थांबते, मुनिमहाराजांच्या आहारदानाचा योग हुकतो. घरात विचारणा सुरू होते आणि कंटाळून ती स्त्री दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तांबी काढून घेते. म्हणजे त्रास भोगला, परंतु गुण येण्यापूर्वीच उपचार सोडला. कर्जाच्या अटी सही करण्यापूर्वी वाचाव्यात, तशीच ही अट पती आणि सासूबाईंसह सर्वांनी आधीच समजून घ्यावी.

रक्तस्राव फार नसेल व डॉक्टरांची हरकत नसेल, तर दिवाळीनंतर तांबी बसविणे सोयीचे. चातुर्मासापूर्वी पहिले सहा महिने सरतात. अशक्तपणा असल्यास मात्र पर्वाची वाट पाहू नये. डागांच्या दिवसांत काय पाळावे, हे आपल्या परंपरेतील आर्यिका माताजींना वा साध्वीजींना नि:संकोच विचारावे. पर्युषणासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत.

डाग कोणत्या दिवशी, किती लागले, याची दिनदर्शिकेवर नोंद ठेवावी. ओटीपोटात कळ आल्यास गरम पाण्याची पिशवी शेकावी. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून, अन्न घेतल्यावरच घ्यावी. उपवासात रिकाम्या पोटी नको. रात्रिभोजनत्याग असल्यास सूर्यास्तापूर्वीच्या जेवणानंतरची वेळ डॉक्टरांशी ठरवावी. डोकेदुखी, मुरमे, स्तनांत दुखरेपणा किंवा मन उदास राहणे, हे काहींना जाणवते. बहुधा काही महिन्यांत ओसरते. न ओसरल्यास सांगावे. वर्षभरात सुमारे पाचांतील एकीची पाळी पूर्ण थांबते. "रक्त आत साचते" हा गैरसमज आहे. अस्तरच वाढत नसल्याने साचण्यासारखे काही उरत नाही.

काही लक्षणे मात्र अंगावर काढू नयेत : ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, ओटीपोटात असह्य वेदना, तासाभरात पॅड भिजणे, तांबीचा दोरा हाताला न लागणे, किंवा गर्भ राहिल्याची शंका. अशा वेळी बार्शी, सोलापूर वा लातूरच्या ओळखीच्या डॉक्टरांची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे.

सहा महिन्यांनंतरही त्रास असह्य वाटला, तर तांबी काढता येते. त्याआधीही काढण्याचा तिचा अधिकार अबाधितच आहे. काढलेली पिशवी मात्र परत बसविता येत नाही. म्हणून निर्णय तिचा असावा आणि धीर घरातील सर्वांनी धरावा.